ओस्कार फॉन मिलर यांच्या मागावर एक दिवस : म्युनिक ते वाल्खेनझे, जलविद्युत सहलीचे परीक्षण

म्युनिकमधील एक छोटी सहल-संस्था जलविद्युतेच्या इतिहासावर एका दिवसाची मार्गदर्शित सहल चालवते. सकाळी शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ सुरू होणारी ही सहल दुपारी आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या वाल्खेनझे वीजगृहापाशी पोहोचते आणि संध्याकाळी शहरात परतते. तिच्या केंद्रस्थानी आहेत ओस्कार फॉन मिलर हे अभियंते. जर्मनीबाहेर ते ओळखले जातात ते मुख्यतः म्युनिकच्या डॉइचेस म्युझियम या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयाचे संस्थापक म्हणून. सहल आखणाऱ्यांनी मात्र संग्रहालयाला वाटेतून वगळले आहे आणि १८८१ ते १८९१ ही मिलर यांच्या उमेदवारीची दहा वर्षे कणा म्हणून निवडली आहेत. ही निवड मला फार योग्य वाटली, कारण डोंगरावरून उतरणारे सहा प्रचंड पाइप पाहून थक्क होणे सोपे असते. ते पाइप तिथे येण्याआधी कोणता प्रश्न सुटावा लागला होता, हे सांगणारा कोणी क्वचितच भेटतो.

माझ्यासोबत माझे सासरे, नाना, होते. कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहात त्यांची बरीच नोकरी झाली, आणि उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले असताना त्यांना किल्ले आणि चर्च दाखवून मी दमले होते. आमचा मार्गदर्शक निवृत्त विद्युत अभियंता होता. त्याचे इंग्रजी बव्हेरियन वळणाचे असले तरी समजायला अडचण येत नाही, आणि पाठ केलेले बोलण्याची सवय त्याला नाही, हे पहिल्या पंधरा मिनिटांतच कळते. गट लहान ठेवतात, त्यामुळे प्रश्न विचारता येतात.

सुरुवात होते ती जुन्या वनस्पती उद्यानात, आणि तिथे पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. काच आणि लोखंडाची भव्य प्रदर्शन-इमारत, ग्लासपालास्ट, येथे उभी होती. १९३१ च्या जूनमध्ये ती जळून गेली. आज तिथे हिरवळ, बाक आणि एक कारंजे आहे. मार्गदर्शक त्या हिरवळीवर उभा राहून १८८२ सालचे प्रदर्शन सांगतो आणि हा सहलीतील सर्वांत उत्तम भाग आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

मिलर यांचे वडील फेर्डिनांड फॉन मिलर हे म्युनिकच्या राजेशाही ओतशाळेचे प्रमुख होते. म्युनिकच्या टेरेसिएनवीझ मैदानावर उभा असलेला बव्हेरियाचा अतिभव्य कांस्यपुतळा त्यांनी ओतला. घरात धातूकाम, दरबारी ओळखी आणि मोठ्या कामांची सवय होती. मुलगा मात्र स्थापत्य अभियंता झाला आणि पदवीनंतर बव्हेरिया सरकारच्या बांधकाम खात्यात उमेदवार म्हणून लागला. १८८१ साली पॅरिसला पहिले आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शन भरले, ते पाहायला हा सव्विशीतला उमेदवार गेला आणि तिथून परतला तो वीज या विषयाने झपाटून. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की विजेचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्या काळी ते घेतलेले फारसे कोणीच नव्हते, आणि रस्ते-पूल-कालवे शिकलेल्या तरुणाला नदीकडे पाहण्याची जी दृष्टी असते ती यंत्रशाळेत वाढलेल्या तंत्रज्ञाला असतेच असे नाही. हे मत माझे. मार्गदर्शक इतके पुढे जाऊन बोलत नाही.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, मिलर यांनी म्युनिकमध्ये तसेच प्रदर्शन भरवण्यात पुढाकार घेतला आणि फ्रेंच अभियंता मार्सेल देप्रे याला बोलावून एक प्रयोग करवला. म्युनिकपासून ५७ किलोमीटरवरच्या मीसबाख गावी जनित्र बसवले, तार म्हणून साधी लोखंडी तारायंत्राची तार वापरली आणि सुमारे २००० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह (डीसी) ग्लासपालास्टपर्यंत आणला. तिथे त्या विजेवर एक पंप चालला आणि पंपाने एक लहानसा कृत्रिम धबधबा वाहता ठेवला. लोक तो धबधबा पाहायला गर्दी करत होते. यातील गंमत अशी की मीसबाखचे जनित्र पाण्यावर फिरत नव्हते. ते तिथल्या कोळशाच्या खाणीवर, वाफेच्या इंजिनावर फिरत होते. कोळसा जाळून वीज, विजेने पंप आणि पंपाने धबधबा, असा हा उलटा प्रवास होता. टोकाला पोहोचली ती शक्ती मूळ शक्तीच्या जेमतेम पाव होती, आणि यंत्रसामग्री काही दिवसांतच कुरकुरू लागली. तरीही मुद्दा सिद्ध झाला होता : शक्ती जिथे निर्माण होते तिथेच ती वापरली पाहिजे, हे बंधन सुटू शकते. फ्रीडरिख एंगल्ससारख्या माणसाने देप्रेच्या या शोधाची पत्रांतून दखल घेतली, कारण कारखाने कोळशाच्या किंवा ओढ्याच्या काठी असण्याची सक्ती गेली तर शहर आणि गाव यांचे नातेच बदलेल, हे त्याच्या लक्षात आले होते.

पाव शक्तीच का पोहोचली, हे समजावण्यासाठी मार्गदर्शक आपल्या पिशवीतून एक लाकडी खोका काढतो. खोक्यात एक छोटा बल्ब, बारीक तारेचे लांबलचक वेटोळे आणि मुठीत मावतील एवढी दोन रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आहेत. आधी तो वीज सरळ वेटोळ्यातून सोडतो. बल्बची तार तांबूस होते आणि तेवढीच राहते. मग तो वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना रोहित्रे जोडतो, एक दाब चढवायला आणि दुसरे उतरवायला, आणि तोच बल्ब, त्याच तारेवर, लख्ख पेटतो. दाब दसपट केला तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दहावा हिस्सा पुरतो आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती शंभराव्या हिश्श्यावर येते. शाळेत आपण हे सूत्र लिहून गुण मिळवलेले असतात. बाकावर ठेवलेल्या त्या खोक्यात ते डोळ्यांना दिसते. देप्रेची अडचण अशी होती की एकदिश प्रवाहाचा दाब असा चढवता-उतरवता येत नव्हता. आमच्या गटातील एका शाळकरी मुलीने तो खोका पुन्हा पुन्हा जोडून पाहिला, आणि मार्गदर्शकानेही तिला घाई केली नाही.

१८८३ ते १८८९ ही बर्लिनची वर्षे सहलीत पाच-सात मिनिटांत उरकतात, ते मला खटकले. अमेरिकेत जाऊन एडिसनला भेटून आल्यावर मिलर यांनी एमिल रातेनाऊ यांच्या जर्मन एडिसन कंपनीत संचालकपद स्वीकारले. हीच कंपनी पुढे एईजी या नावाने प्रसिद्ध झाली. बर्लिनच्या मार्कग्राफेनश्ट्रासेवरचे सार्वजनिक वीजकेंद्र १८८५ मध्ये सुरू झाले, ते याच काळात. ते कोळशावर चालत होते, म्हणून जलविद्युतेच्या सहलीत त्याला जागा नाही, असा आयोजकांचा विचार असावा. पण वीज ही मोजून, दर ठरवून, रोज संध्याकाळी न चुकता पुरवण्याची वस्तू आहे आणि तिला गिऱ्हाईक लागते, हे मिलर तिथे शिकले. सरकारी खात्यातला उमेदवार आणि पुढचा स्वतंत्र सल्लागार अभियंता यांच्यामध्ये ही सहा वर्षे उभी आहेत. त्यांच्याशिवाय पुढचे फ्रँकफर्ट समजत नाही.

फ्रँकफर्टची कथा मार्गदर्शक लोकल गाडीत सांगतो. मुख्य स्थानकाकडून पश्चिमेला जाणाऱ्या एस-४ गाडीने श्योनगाइजिंगला जायला पाऊण तासाच्या आत लागतो, आणि तेवढ्यात तो टॅबलेटवर जुनी छायाचित्रे दाखवतो. गाडीतल्या आवाजात मागे बसलेल्यांना नीट ऐकू येत नव्हते. कानात लावायचे यंत्र दिले होते, पण आमच्या दोघांपैकी एकाचे खरखरत होते. सांगण्याजोगा मजकूर मात्र भरपूर आहे. १८९१ साली फ्रँकफर्टला आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक प्रदर्शन भरले आणि त्याची तांत्रिक धुरा मिलर यांच्याकडे होती. नेकर नदीकाठी लाउफेन येथे एका सिमेंट कारखान्याच्या आवारात पाण्यावर फिरणारे टर्बाइन होते. तिथून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटर लांबीची तीन-कला (थ्री-फेज) प्रत्यावर्ती प्रवाहाची (एसी) वाहिनी टाकायची, असे ठरले. लाउफेनचे जनित्र ओर्लिकोन कंपनीच्या चार्ल्स ब्राउन यांनी तयार केले, आणि प्रदर्शनातली मोटर एईजीच्या मिखाईल दोलिव्हो-दोब्रोवोल्स्की यांची होती. रोहित्रांनी दाब १५,००० व्होल्टपर्यंत चढवला; नंतरच्या चाचण्यांत तो २५,००० पर्यंत नेला. तारांसाठी सुमारे ६० टन तांबे आणि तीन हजारांवर खांब लागले, वाहिनी वेगवेगळ्या जर्मन राज्यांच्या हद्दींतून गेली आणि खांबांवर कवटीचे चिन्ह लावून लोकांना सावध करावे लागले. ऑगस्टच्या अखेरीस फ्रँकफर्टला एक हजार दिवे लागले आणि पुन्हा एक कृत्रिम धबधबा सुरू झाला. या वेळी तो चालवत होते ते १७५ किलोमीटर दूरचे खरे नदीचे पाणी. सुमारे ७५ टक्के शक्ती पोहोचली. नऊ वर्षांत पावावरून पाऊणपर्यंत मजल गेली होती.

प्रदर्शन आटोपल्यावर लाउफेनचे केंद्र मोडीत निघाले नाही. १८९२ च्या प्रारंभी त्याची वीज जवळच्या हाइलब्रोन शहराला मिळू लागली. प्रत्यावर्ती की एकदिश, हा वाद यानंतर व्यवहारात फारसा उरला नाही, आणि नायगाराच्या धबधब्यावरचे मोठे वीजगृहही याच दशकात प्रत्यावर्ती प्रवाहावर उभे राहिले.

श्योनगाइजिंगला उतरून आम्ही आम्पर नदीकडे चालत गेलो. मिलर यांनी म्युनिकला स्वतःचे अभियांत्रिकी कार्यालय थाटल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हे एक : १८९१-९२ मध्ये उभे राहिलेले लहानसे वीजगृह, ज्याच्या विजेवर शेजारच्या फ्युर्स्टेनफेल्डब्रुक गावाला प्रकाश मिळाला. ते आजही वीजनिर्मिती करते. येथे डोंगर, बोगदा, उंच पाइप असे काहीच नाही. सपाट प्रदेशातली संथ नदी, एक बंधारा, पाणी वळवणारा छोटा कालवा आणि झाडांत दडलेली इमारत. टर्बाइनकडे जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी आहे, तिच्यावर पाने आणि काटक्या अडकलेल्या दिसतात. तो कचरा वेळोवेळी काढला नाही तर पाण्याची पातळी जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळी पडते आणि तेवढी उंची वाया जाते. सपाट प्रदेशात एकूण उंचीच दोन-चार मीटरची असते, त्यामुळे वीतभर फरकही महाग पडतो. नाना तिथे बराच वेळ वाकून पाहत होते. पोफळीला आम्ही सगळे जण कित्येकशे मीटरच्या भाषेत बोलायचो, इथे यांना इंचांचा हिशेब ठेवावा लागतो, असे ते म्हणाले, आणि मार्गदर्शकाला ते भाषांतर करून सांगितल्यावर त्याने हात जोडून मान डोलावली.

मला विचाराल तर सहलीचे पैसे येथेच वसूल होतात. फ्रँकफर्ट हा प्रयोग होता, त्यामागे मोठ्या कंपन्या आणि वर्तमानपत्रांचा गाजावाजा होता. श्योनगाइजिंगला एका अभियंत्याने नदीचा एक तुकडा हेरला, गिऱ्हाईक म्हणून एक गाव शोधले आणि धंदा उभा केला. जगभर जलविद्युतेचा प्रसार झाला तो प्रामुख्याने अशा छोट्या गावांच्या दिव्यांतून. आपल्याकडे दार्जिलिंगजवळचे सिद्रापोंग केंद्र १८९७ साली सुरू झाले, ते याच जातीचे.

तिथून पासिंगला परत येऊन कोखेलची गाडी पकडतात. मधल्या वेळात जेवण आहे आणि ते घाईचे आहे. शाकाहारी माणसाला चीज घातलेल्या बव्हेरियन शेवयांखेरीज पर्याय नव्हता. घरून डबा नेणे उत्तम. तूत्सिंगनंतर गाडी एकेरी मार्गावर दक्षिणेला वळते आणि शेवटच्या स्थानकाआधी समोर डोंगरांची भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या अलीकडे, सुमारे ६०० मीटर उंचीवर, कोखेल सरोवर आहे आणि पलीकडे, ८०० मीटरवर, वाल्खेन सरोवर. दोन सरोवरांत दोनशे मीटरचा फरक आणि मध्ये केवळ केसेलबर्गचा एक डोंगर, असा हा निसर्गाने मांडून ठेवलेला हिशेब आहे. तो पाहून १९०४ साली फेडोर फॉन डोनाट या निवृत्त प्रशियन मेजरने येथे प्रचंड वीजगृह बांधण्याची योजना मांडली. लोकांनी आधी तिची थट्टा केली, मग तिच्याविषयी भीती व्यक्त केली. या सरोवराच्या तळाशी एक अजस्र मासा शेपूट तोंडात धरून पहुडला आहे, त्याने ती सोडून फटका मारला तर केसेलबर्ग फुटेल आणि सारे म्युनिक बुडेल, अशी फार जुनी दंतकथा आहे. अशा डोंगराला भोक पाडायचे म्हटल्यावर लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. बव्हेरियाच्या विधिमंडळाने मान्यता दिली ती १९१८ च्या जूनमध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध संपता संपता. राज्याचे आयुक्त म्हणून हे काम मिलर यांच्याकडे आले, तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. पुढची साडेपाच वर्षे पराभव, क्रांती आणि चलनाचा पार चुराडा करणारी महागाई यांतून हे बांधकाम पार पडले आणि १९२४ च्या जानेवारीत वीजनिर्मिती सुरू झाली.

वीजगृहाच्या माहिती केंद्रात प्रवेशाला पैसे पडत नाहीत, म्हणजे येथे स्वतंत्रपणेही येता येते. सहलीच्या शुल्कात आपण जे मोजतो ते मार्गदर्शकासाठी. बाहेर उभे राहून वर पाहिले की सहा पाइप डोंगराच्या उतारावरून चारशे मीटरहून अधिक अंतर उतरताना दिसतात आणि त्यांच्या माथ्यावर एक इमारत दिसते.

“अगं, पाइप दिसतायत, पण उल्लोळ विहीर कुठाय? विचार बरं त्यांना,” नाना म्हणाले.

“नाना, तुम्हीच विचारा. त्यांना आवडेल.”

त्यांनी विचारले, आणि पुढची वीस मिनिटे आम्ही बाकीचे श्रोते झालो. वाल्खेन सरोवरातून पाणी आधी सुमारे १२०० मीटर लांबीच्या बोगद्यातून येते. खाली अचानक झडपा बंद केल्या तर बोगद्यात धावत असलेले सगळे पाणी एकदम थांबू शकत नाही, त्याचा धक्का पाइपांना फोडू शकतो. म्हणून बोगदा संपतो आणि पाइप सुरू होतात तिथे, उघड्या पृष्ठभागाची मोठी टाकी ठेवतात : धक्का बसला की पाणी तिच्यात वर चढते, झुलते आणि शांत होते. डोंगरमाथ्यावरची ती इमारत म्हणजे ही टाकी. कोयनेला तेच काम खडकात खोदलेली विहीर करते. दोघांनी हाताने पाण्याचे झुलणे काढून दाखवले तेव्हा भाषेची गरज उरली नव्हती.

आत वरच्या बाजूने यंत्रशाळा पाहता येते. आठ संच ओळीने बसवले आहेत : चार फ्रान्सिस टर्बाइन, प्रत्येकी १८ मेगावॅटची, आणि चार पेल्टन, प्रत्येकी १३ मेगावॅटची, मिळून १२४ मेगावॅट. एकाच उंचीच्या पाण्यावर दोन जातींची टर्बाइन का, हा प्रश्न नानांच्या आधी त्या शाळकरी मुलीने विचारला. उत्तर असे की फ्रान्सिस संच सर्वसाधारण ग्राहकांच्या ५० हर्ट्झच्या जाळ्याला वीज देतात आणि पेल्टन संच रेल्वेला, जिची वीज जर्मनीत १६.७ हर्ट्झची एक-कला असते. रेल्वेची मागणी गाड्या सुटतील तशी झटक्याने वर-खाली होते, आणि कमी भारावरही पेल्टन चाकाची कार्यक्षमता टिकून राहते. म्युनिक ते गार्मिश रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण १९२५ चे, म्हणजे या वीजगृहाच्या पाठोपाठचे. १८८२ साली धबधबा दाखवून लोकांना जमवावे लागले होते, १८९२ साली एक गाव गिऱ्हाईक म्हणून मिळाले होते. आता गिऱ्हाईक होते संपूर्ण रेल्वे आणि संपूर्ण राज्य, कारण वीजगृहासोबतच सगळ्या बव्हेरियाला जोडणारे १,१०,००० व्होल्टचे जाळेही मिलर यांनी आखले होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा यंत्रशाळा जवळजवळ गप्प होती, आणि गटातील काहींची निराशा झाली. स्वच्छ उन्हाच्या दुपारी सौर वीज मुबलक असते, तेव्हा साठवलेले पाणी खर्च करण्यात अर्थ नसतो. संध्याकाळी मागणी वाढली की हे संच काही मिनिटांत सुरू होतात. निघण्याच्या सुमारास त्यांपैकी एक सुरू झालाही : पायाखालची फरशी किंचित थरथरू लागली आणि घुमणारा आवाज चढत चढत एका सुरावर स्थिर झाला. उदंचन केंद्राप्रमाणे येथे पाणी परत वर चढवत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. अनेक प्रवासी समाजमाध्यमांवर तसे लिहितात ते चूक आहे.

मराठी वाचकाच्या मनात येथे खोपोली येणारच. टाटांचे खोपोली वीजगृह १९१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाले, वाल्खेनझेच्या नऊ वर्षे आधी, आणि त्याच्या पाण्याची उंची पाचशे मीटरहून जास्त, म्हणजे इथल्या अडीचपट. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे साठवलेले पाणी घाटाखाली उतरवून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, या कल्पनेला लाउफेननंतरचे लांब पल्ल्याचे वीजवहन आधार होते. कोयनेनेही पुढे हीच घाटाची उंची वापरली. बव्हेरियातील योजना भव्य आहे, पण सह्याद्रीच्या माणसाने तिच्यापुढे दिपून जाण्याचे कारण नाही, हे मी नानांच्या वतीने नोंदवते. एक फरक मात्र आहे. खोपोलीचे आणि कोयनेचे पाणी पूर्वेकडे जाणाऱ्या खोऱ्यांतून काढून पश्चिमेला उतरवलेले आहे, ते मूळ नदीला परत मिळत नाही. वाल्खेनझेचे अवजल, म्हणजे यंत्रांतून बाहेर पडलेले पाणी, कोखेल सरोवरातून लॉयझाख नदीत जाते आणि वोल्फ्राट्सहाउझेनला पुन्हा ईझार नदीला मिळते.

‘पुन्हा’ म्हणण्याचे कारण असे की हे पाणी मुळात ईझारचेच आहे, आणि येथे सहल कमी पडते. वाल्खेन सरोवराचे स्वतःचे पाणी एवढ्या यंत्रांना पुरत नाही, म्हणून क्र्युन येथे बंधारा घालून ईझार नदी सरोवराकडे वळवली. पुढे रिसबाख ओढ्याचे पाणीही आणले. परिणामी क्र्युनच्या खाली नदीचे पात्र कित्येक दशके कोरडे गोटे दाखवत पडले. खालच्या बाड ट्योल्ट्सपर्यंत थोडे तरी पाणी राहावे, हे १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या झिल्वेनश्टाइन धरणामागील एक कारण होते, आणि त्या धरणात फाल नावाचे जुने गाव बुडाले. क्र्युनच्या बंधाऱ्यातून नदीसाठी किमान पाणी सोडण्याची व्यवस्था झाली ती १९९० मध्ये. वीजगृहाच्या परवान्याची मुदत २०३० मध्ये संपत आहे, त्यामुळे नदीला किती आणि यंत्राला किती, हा प्रश्न आज बव्हेरियात जिवंत आहे. मार्गदर्शकाने हे सारे परतीच्या बसची वाट पाहताना, घड्याळाकडे बघत, चार वाक्यांत सांगितले. ज्या वर्षांत केसेलबर्गमध्ये बोगदा खणला जात होता, त्याच वर्षांत मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते. जलविद्युतेचा इतिहास सांगणाऱ्याने ही बाजू बसथांब्यावर उरकू नये. मिलर यांच्या उमेदवारीवर एवढा भर दिल्यामुळे त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाच्या हिशेबाला वेळ उरत नाही, अशी माझी तक्रार आहे. आयोजकांना मी ती लेखी कळवली आणि त्यांचे सभ्य उत्तरही आले.

पाचपैकी चार तारे मी याच कारणाने दिले आहेत. सहल नववी-दहावीच्या पुढच्या मुलांना आणि ज्यांना यंत्रांची थोडीही ओढ आहे अशा सर्वांना मानवेल. अगदी लहान मुले श्योनगाइजिंगच्या चालण्यानेच कंटाळतील. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी कळवावे, म्हणजे त्या टप्प्यासाठी टॅक्सीची सोय करतात. शनिवार-रविवार टाळावा, कारण केसेलबर्गच्या वळणांवर मोटारसायकलींची जत्रा असते आणि बस रखडते. ढगाळ दिवस मिळाला तर यंत्रे चालू दिसण्याची शक्यता अधिक. हाताशी आणखी एक दिवस असेल तर कोखेलला मुक्काम करावा आणि सकाळी बसने वाल्खेन सरोवराच्या काठाने क्र्युनला जाऊन बंधाऱ्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. त्यासाठी कोणत्याही मार्गदर्शकाची गरज नाही.